भिंतींचा रंग आणि घरचा चौरंग

दीपावली पंधरवड्यावर येऊन ठेपली की शहरातल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो. यंदा घराला रंग द्यावयाचा की नाही, आणि द्यावयाचा तर कोणता? रंगाऱ्याला निरोप जातो, दुकानातून छटांचे पुस्तक येते, सारे कुटुंब त्याभोवती जमते, तासभर वाद होतो आणि अखेर सर्वांचे बोट टेकते ते पांढऱ्याच्या शेजारच्याच एखाद्या चौकोनावर. मोतिया, हस्तिदंती, फारच धीर केला तर फिकट करडा. पुस्तकाची पुढची पाने न उघडताच दुकानात परत जातात.

ह्याच घराच्या उंबऱ्याबाहेर चार दिवसांनी काय दिसते ते पाहावे. दारावर झेंडूचे केशरी तोरण, अंगणाच्या ऐवजी जिन्यातल्या दोन लाद्यांवर का होईना, पण तांबड्या-पिवळ्या-जांभळ्या रंगांनी भरलेली रांगोळी, सज्जात पतंगी कागदाचा आकाशकंदील, मुलांनी केलेल्या किल्ल्यावर गेरूचे बुरूज आणि हिरवेगार अळीव. सणाने उंबऱ्यापर्यंत आणलेला हा सारा रंग दाराशीच थबकतो. आत पाऊल टाकावे तर एखाद्या नव्या शुश्रूषागृहात आल्यासारखे वाटते. देवाधर्माचे सारे काही यथासांग करणाऱ्या कुटुंबांनी ह्या विसंगतीचा थोडा विचार करावा, ह्यासाठी हा लेखनप्रपंच.

रंगाची ही गोष्ट केवळ हौसेची असती तर सणाच्या पानावर तिच्यासाठी जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु आज मुंबईत आणि पुण्यात हजारो कुटुंबे जुनी जागा सोडून नव्या इमारतीत जात आहेत. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींचेच उदाहरण घ्या. तेथील १६० चौरस फुटांच्या खोलीत दोन-तीन पिढ्या नांदल्या. आता त्या जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळत असून वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती २०२५ च्या ऑगस्टमध्ये किल्ल्याही आल्या. गिरगाव, दादर, लालबाग, सदाशिव पेठ, कोठेही जा, पुनर्विकासाची हीच कथा आहे. आणि जेथे जेथे बिऱ्हाड हलते तेथे तेथे एक प्रसंग ठरलेला. नव्या घरात जुने काही न्यावयाचे नाही, असा तरुणांचा आग्रह आणि माळ्यावरून खाली उतरविलेल्या वस्तूंभोवती घुटमळणारी घरातली वडीलधारी माणसे. आजेसासूबाईंचे फडताळ, शिसवी आरामखुर्ची, पत्र्याची हिरवी ट्रंक, पाटांची चवड, लक्ष्मीपूजनाचा चौरंग, हे सारे वजनावर भंगारात जाते. त्यांच्या जागी एकाच दुकानातून, एकाच छटेचा, एकाच आकाराच्या पायांचा असा संपूर्ण संच येतो. भिंती फिकट, संच त्याहून फिकट. दहाव्या मजल्यावरचे घर आणि बाराव्या मजल्यावरचे घर ह्यांत फरक सांगावयाचा तर दारावरची पाटी वाचावी लागते.

आमचे मत प्रथमच स्पष्ट सांगतो. शहरातील लहान सदनिकेत ठसठशीत रंग शोभतात. आणि जुन्या-नव्या, देशी-परदेशी, वारशाने आलेल्या व बाजारातून आणलेल्या सामानाची सरमिसळ तर त्याहून शोभते. भाविक घराला हे काही परके नाही. उलट फिकट भिंती आणि जुळा संच हाच अलीकडचा पाहुणा आहे.

मराठी भाषेने रंगांची नावे कोठून घेतली ते पाहा. डाळिंबी, जांभळा, वांगी, आमसुली, लिंबू, केशरी ही नावे बाजारहाटातून व स्वयंपाकघरातून आली. अबोली, केवडी, गुलाबी बागेतून आली. पोपटी आणि मोरपंखी झाडावरून उतरली. शेंदरी मारुतीच्या देवळातून आली. विटकरी भट्टीतून आणि तपकिरी आजोबांच्या डबीतून. ज्या गृहिणीला मोरपंखी काठाची वांगी साडी आणि डाळिंबी काठाची पोपटी साडी ह्यांतला गुण एका नजरेत कळतो, तीच रंगाच्या दुकानात गेल्यावर 'साधाच द्या' म्हणते, हे आम्हांस मोठे नवल वाटते. रंगांची जोड लावण्याचे जे शिक्षण ह्या महाराष्ट्रात घरोघर आईकडून मुलीला मिळाले, तेवढे क्वचितच कोठे मिळाले असेल. पण ते कपाटात घडी घालून ठेवलेले आहे.

भिंतींनाही रंगाचे वावडे कधी नव्हते. चुन्याची सफेदी आपलीच हे खरे. तिच्यामागे स्वच्छतेचा विचार होता आणि दिवाळीपूर्वी, पावसाने हिरवटलेल्या भिंतींवर ती देणे योग्यही होते. पण त्याच चुन्यात पिवडी घातली की पिवळी भिंत होई, हिरमुजी घातली की तांबडी, निळीचा हात दिला की आकाशी. खाली गेरूचा पट्टा, त्यावर पांढरी स्वस्तिके व गोपद्मे, कोनाड्याभोवती हळदकुंकवाची बोटे. दक्षिण कोकणात व गोव्यात तर 'कावी' नावाची कलाच त्यातून उभी राहिली. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव म्हणजे तांबडी माती मिसळलेल्या चुन्याचा थर द्यावयाचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने कोरावयाचा. कोरले तेथे खालचा पांढरा उमटतो. वेली, मोर, दशावतार असे सारे केवळ दोन रंगांत आणि जुन्या देवळांच्या भिंतींवर ते पावसाळ्यांमागून पावसाळे सोसून उभे आहे.

वाईजवळच्या मेणवलीला आपल्यापैकी अनेक जण गेले असतील. नाना फडणविसांच्या वाड्यातील भिंतीवरची चित्रे त्यांनी पाहिली असतील. देवादिकांचे प्रसंग, तांबड्या-पिवळ्या-हिरव्या मातकट रंगांत. परंतु आम्हांस येथे विशेष सांगावयाचे आहे ते वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावरील घंटेविषयी. ही घंटा १७०७ सालची आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा फिरंग्यांच्या ज्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या त्यांपैकी ही एक. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे तीही वसईच्या विजयाचीच. ह्या घंटा वितळवून कोणी त्यांच्या समया केल्या नाहीत की त्यांवरच्या आकृती घासून काढल्या नाहीत. 'आमच्या देवळाच्या शिखराशी हिचा घाट जुळत नाही', असेही कोणाच्या मनात आले नाही. नाद उत्तम आहे ना? मग टांगा. दोन शतके उलटून गेली. घाटावर जाणाऱ्याला ती घंटा आज परकी वाटत नाही.

गोव्यात मंगेशीला जावे. रंगविलेल्या भिंती, घुमट, सात मजल्यांची दीपमाळ आणि सभामंडपात एकोणिसाव्या शतकातील युरोपीय काचेची झुंबरे. कवळ्याला श्रीशांतादुर्गेच्या मंडपातही झुंबरेच. ज्यांना निरनिराळ्या देशांच्या व काळांच्या वस्तू एकत्र ठेवणे म्हणजे घराची धर्मशाळा करणे वाटते, त्यांनी त्या झुंबरांखाली बसून आरतीची वेळ साधावी. देवाच्या घरात जे चालते ते भक्ताच्या घरात का चालू नये, ह्याचे उत्तर आम्हांस आजवर कोणी दिलेले नाही.

आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या दिवाणखान्यात तरी काय होते? भिंतीवर राजा रविवर्म्याची लक्ष्मी होती. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला. जर्मन तंत्राने, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेली ती चित्रे झोपड्यांपासून वाड्यांपर्यंत पोहोचली. कित्येक घरांतल्या स्त्रियांनी त्या देवींच्या साड्यांना खरी जर आणि टिकल्या लावल्या. जणू चित्रातला रंग त्यांना पुरेसा वाटला नाही! त्या चित्राखाली तक्क्ये-लोड, बाजूला हिशेबाचे बुटके डेस्क, छताला पितळी कड्यांचा झोपाळा आणि कोपऱ्यात वाकविलेल्या लाकडाची काळी खुर्ची. ही खुर्ची मूळची व्हिएन्नाची. मिखाएल टोनेट नावाच्या सुताराने बीच नावाच्या झाडाचे लाकूड वाफेवर मऊ करून वाकविण्याची युक्ती काढली आणि १८५९ साली तिची जी क्रमांक १४ ची आवृत्ती केली, तिच्या बहिणी मुंबईच्या इराणी उपाहारगृहांतून आजही पाहावयास मिळतात. व्हिएन्नाची खुर्ची, मळवलीची लक्ष्मी, सावंतवाडीचा पाट. आणि तरीही ते घर शंभर टक्के मराठी होते. कारण त्यातली प्रत्येक वस्तू कोणी तरी, कधी तरी, काही निमित्ताने आणलेली होती.

शास्त्र काय म्हणते असे विचारणारे वाचक आमच्याकडे पुष्कळ आहेत व ते विचारतात हे चांगलेच आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात 'चित्रसूत्र' म्हणून जो भाग आहे त्यात चित्र हे घराला मंगलकारक मानले आहे. मूळ रंग पाच मानून त्यांच्या मिश्रणाने होणाऱ्या छटांना गणती नाही, असे तेथे सांगितले आहे. घरात कोणती चित्रे असावीत? शृंगार, हास्य आणि शांत ह्या रसांची. युद्धाची, स्मशानाची, करुण प्रसंगांची चित्रे राजसभेत वा देवालयात चालतील, राहत्या घरात नकोत. केवढा शहाणपणाचा विचार! घर हे आनंदासाठी व शांतीसाठी आहे, आणि तो आनंद भिंतीवर दिसला पाहिजे, हे ज्यांनी लिहून ठेवले त्यांना फिकट भिंतींची आवड असेल असे वाटत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर मंचक व आसने ह्यांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. कोणते लाकूड चांगले, कोणते वर्ज्य, ह्याची त्यात यादी आहे. त्यात काही लाकडे एकट्यानेच वापरावी असे म्हटले असले, तरी साग आणि साल मात्र एकत्र वापरले तरी शुभच मानले आहेत. म्हणजे सरमिसळ सरसकट निषिद्ध नव्हती. काय कशाशी जुळते हे पाहण्याची शिस्त मात्र होती. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांची वस्त्रे नेसण्याची अगदी अलीकडची प्रथा आपण शास्त्राचा दाखला न मागता किती उत्साहाने उचलली! अंगावर नऊ रंग चालतात, मग भिंतीवर एकाचीही भीती का?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप, गडद रंगाने खोली लहान दिसते. ह्यात अर्धे तथ्य आहे. गडद रंग उजेड कमी परतवतो, म्हणून खोलीत दिवा जास्त लागतो, हे खरे. परंतु ज्या खोलीला मुळातच उजेड नाही, समोरच्या इमारतीची भिंत हातभर अंतरावर आहे, तेथे पांढरा रंगही पांढरा राहत नाही; तो राखाडी दिसतो व खोली उदास होते. अशा खोलीला हळदी पिवळा किंवा विटकरी रंग द्यावा आणि पिवळसर प्रकाशाचा दिवा लावावा. खोली लहान दिसेल कदाचित, पण ऊबदार दिसेल. उत्तरेकडून उजेड येणाऱ्या खोलीत तो निळसर असतो, तेथेही हेच. पश्चिमेचे ऊन ज्या भिंतीवर दुपारभर तापते, तेथे मात्र पिवळा डोळ्यांत खुपेल. तेथे शेवाळी, मोरपंखी, निळा घ्यावा.

दुसरा आक्षेप असा की, उद्या घर भाड्याने द्यावयाचे वा विकावयाचे झाले तर? ह्यावर आमचे एकच म्हणणे आहे. रंगाचे दोन हात दिले की कोणतीही भिंत पुन्हा पांढरी होते. पण ज्याने घर घेतले त्याने आपल्या हयातीतली वर्षे पुढच्या गिऱ्हाइकाच्या आवडीनुसार का काढावीत?

तिसरा आक्षेप वजनदार आहे. सरमिसळ करावयास गेले आणि घराचे भांडार झाले तर? होते, आम्ही पाहिले आहे. पाच भिंतींना पाच रंग, त्यांवर सोनेरी चौकटी, खाली नक्षीचा गालिचा, वर रंग बदलणारे दिवे, अशा घरात दहा मिनिटे बसल्यावर डोके दुखू लागते. ठसठशीत म्हणजे भडक असे नव्हे. आणि ह्या दोहोंतला भेद समजण्यासाठी कोणा सजावटकाराची फी भरण्याचे कारण नाही. तो भेद साडीत आहे. लुगड्याला एक अंग असते, त्याहून वेगळ्या रंगाचे काठ असतात आणि सारे वैभव पदरावर असते. घरालाही हाच न्याय लावावा. भिंतींचा मोठा भाग म्हणजे अंग. त्यास एकच रंग, आवडीचा व निर्भय. दारे, खिडक्या, चौकटी म्हणजे काठ. त्यांस दुसरा रंग, अंगाशी विरोधाने शोभणारा. आणि पदर एकाच जागी. आमच्या मते ती जागा देवघराची. तेवढ्याच कोनाड्यास शेंदरी वा डाळिंबी रंग द्यावा, पितळी समईच्या ज्योतीने त्यावर जे तेज येते ते पांढऱ्या संगमरवरी चौकोनावर कधीच येत नाही. एरवीही नव्या सदनिकांत देवघर स्वयंपाकघरातल्या एखाद्या फळीवर, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राशेजारी जाऊन बसले आहे. निदान रंगाने तरी त्याची जागा सांगावी.

सामानालाही असाच एखादा धागा लागतो. सर्व लाकडे एका छटेची असण्याची गरज नाही, पण एखादा रंग दोन-तीन ठिकाणी पुन्हा यावा. ट्रंकेचा हिरवा उशीच्या अभ्र्यात यावा, चौरंगाचा तांबडा पडद्याच्या किनारीत. बैठकींची उंची फार वेगवेगळी नसावी, म्हणजे बसलेली माणसे एकमेकांकडे पाहून बोलू शकतात. आणि जमीन मोकळी दिसावी. दोनशे चौरस फुटांच्या दिवाणखान्यात पायांवर उभे असलेले सामान, ज्याखालून केरसुणी फिरते, ते पेटीसारख्या बसक्या संचापेक्षा केव्हाही बरे. जुन्या वस्तूंचा हा गुण नव्या खरेदीच्या भरात लक्षात येत नाही. फडताळाला पाय असतात. वेताच्या खुर्चीतून वारा जातो. पाट भिंतीला उभा करून ठेवता येतो. ट्रंक बसावयास होते आणि तिच्या पोटात गोधड्या राहतात. लहान घरांसाठीच जन्मलेल्या ह्या वस्तू!

नव्याने जोडावयाचे असेल तर मुंबईत चोरबाजारातील मटन स्ट्रीट आहे, जोगेश्वरीच्या ओशिवऱ्याला जुन्या सामानाचा बाजार आहे. तेथे घासाघीस करण्यापूर्वी वस्तू उलटी करून पाहावी. लाकडाला बारीक भोके असतील आणि खाली पीठ पडत असेल तर कीड जिवंत आहे असे समजावे. सांधे हलले तर चालेल, सुतार ते बसवून देतो. लाकूड पोकळ झाले असेल तर सोडून द्यावे. सागाला वा शिसवीला चपड्याचे पॉलिश पुरते; त्यावर चकचकीत रोगण थापू नये. आणि सावंतवाडीकडे जाणे झाले तर तेथील चितार आळीतून एक रंगीत पाट अवश्य आणावा. लाखकामाची व गंजिफांची ती परंपरा मावळत चालली होती. शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी ह्यांनी ती राजवाड्यातच कारागिरांना आश्रय देऊन सावरली. त्या पाटावरचा पिवळा आणि तांबडा पाहिला म्हणजे छटांच्या पुस्तकातले धाडस किती तोकडे आहे ते कळते.

येथे एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. सरमिसळीच्या सजावटीची आवड हल्ली सधन घरांत वाढली आहे आणि तिच्यापायी देवादिकांच्या वस्तू शोभेच्या वस्तू झाल्या आहेत. खंडोबाचा टाक चौकटीत घालून भिंतीवर. गणपती चपलांच्या कपाटावर. समईच्या वातीच्या जागी विजेचा दिवा. देवळाचा जुना दरवाजा आडवा करून त्यावर काच ठेवलेली आणि काचेवर मद्याचे पेले. ह्या वस्तू बाजारात आल्या कोठून? आपण ज्या देव्हाऱ्यांना भंगारात दिले, तेथूनच. एका घरातून आठशे रुपयांना गेलेला देव्हारा दुसऱ्या घरात पुस्तकांचे कपाट होतो. विकत घेणाऱ्याला आम्ही फारसा दोष देत नाही. त्याला निदान त्या लाकडाची किंमत कळली. पण ज्या घरात पूजा होते त्या घराने एवढे पथ्य पाळावे : ज्याची पूजा होते ते शोभेसाठी मांडू नये, आणि जे शोभेसाठी आणले ते देव म्हणून कोपऱ्यात धूळ खात ठेवू नये. रंग कितीही उधळावा, खुर्च्या कोणत्याही देशाच्या आणाव्यात, हे पथ्य सुटले की घराचे प्रदर्शन होते.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब गेल्या वर्षी परळच्या दोन खोल्यांतून त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर राहावयास गेले. सून नोकरी करणारी, सासूबाई ऐंशीच्या घरात. जुने फडताळ नेण्यावरून दोघींत चांगलेच बिनसले होते. सुनेचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. ते फडताळ काळपट, कुबट आणि उद्वाहनात न मावणारे. अखेर सुताराने त्याचे दोन भाग केले, आतून घासून चुना दिला, आणि सुनेनेच बाहेरच्या भिंतीला, सासूबाईंच्या एका जुन्या इरकली लुगड्याच्या अंगाशी जुळवून, गर्द जांभळा रंग दिला. काळे शिसव जांभळ्यावर असे काही उठून दिसते की येणारा प्रत्येक जण प्रथम त्याविषयी विचारतो. मग सासूबाई ते कोणाच्या लग्नात आले ते सांगतात. डोळ्यांनी अधू झालेल्या त्या वृद्धेला नव्या घरात आपली खोली कोणती हे सुरुवातीस कळत नसे, सगळ्याच भिंती सारख्या. आता रंगावरून कळते. म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीने ठळक रंगाचा हा उपयोग, दाराची चौकट भिंतीहून वेगळी दिसणे, पायरीची कड दिसणे, आम्हांस तरी सौंदर्याइतकाच मोलाचा वाटतो.

रंग देणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, तांबड्या व हिरव्या छटांत, शिसे पुष्कळ असे. सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे असे ठरविले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्याचा अंमल सुरू झाला. तेव्हा त्याआधीच्या दारे-खिडक्या कोरड्या घासून काढू नयेत. पाणी मारून घासाव्यात, लहान मुलांना व गर्भवतींना त्या दिवसांत दुसरीकडे पाठवावे आणि पडलेला भुगा ओल्या फडक्याने टिपावा. नव्या डब्यावर शिशाचा उल्लेख वाचून घ्यावा. भिंतीला ओल असेल तर आधी गळती शोधावी. ओलीवर रंग दिला की चार महिन्यांत पोपडे येतात आणि दोष रंगाला जातो. नव्या इमारतीतला गिलावा पुरता सुकू द्यावा, घाई करू नये. आणि छटा पुस्तकातून कायम करू नये. लहान डबी आणून भिंतीवर हातभर चौकोन रंगवावा; तो सकाळी पाहावा, दुपारी पाहावा, दिवेलागणीस समईच्या उजेडात पाहावा. तीनही वेळा आवडला तर तो आपला.

सजावटीचे थर्माकोल २०१८ पासून राज्यात बंद आहे. तरीही उत्सवात त्याचे खांब आणि कमानी अजून कोठे कोठे दिसतात. ज्या घराच्या भिंतीच डाळिंबी वा मोरपंखी आहेत तेथे कमान कशाला हवी? लक्ष्मीपूजनाचा चौरंग त्या भिंतीशी मांडला, त्यावर लाल वस्त्र, तांदळाची रास, कलश, केरसुणीला हळदकुंकू आणि पणत्या एवढ्यावर मखर पुरे होते.

वसुबारसेला अजून अवधी आहे. माळ्यावर चौरंग असेल तर तो उतरवून धुऊन उन्हात ठेवावा. भंगारवाल्याला बोलावणे धाडले असेल तर ते आठवडाभर पुढे ढकलावे. रंगाऱ्याला मात्र उद्याच सांगावे, कारण दिवाळीच्या तोंडावर तो मिळत नाही. आणि पहिला हात पूर्ण वाळल्याखेरीज त्याला दुसरा देऊ देऊ नये, गर्द रंगाला डाग पडतात.